हुरड्याला आलेला हात

१

हुरडा चोळणाऱ्या बाईला पाहुण्यांची तोंडं दिसत नाहीत, नुसते हात दिसतात. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जात असतो. मान खाली घालून आगटीच्या खड्ड्यातली कणसं फिरवायची, भाजलेलं कणीस निखाऱ्यातून ओढायचं, चटका सोसत तळव्यावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि समोर जो हात येईल त्यात ते गरम हिरवे दाणे घालायचे. वर बघायला फुरसत कुठली! दाक्षायणीला हे काम तिच्या सासूनं, चंद्रव्वानं शिकवलं, तेव्हाच बजावलं होतं, "तोंड बघून घालायला लागलीस की हात आखडतो. साहेब असू दे, न्हायतर गडी असू दे. हात पुढं आला की घालायचं."

कुंभारी गावाच्या पुढं, तळ्याच्या काठाला लागून तिचं नि गुरुशांतचं रान होतं. पूर्वी ज्वारी करायची आणि आडतीवर टाकायची, एवढंच. मग एका हिवाळ्यात त्यांच्या श्रावणीच्या डोक्यातून कल्पना निघाली. सोलापूरची माणसं रविवारी कुठं जावं म्हणून तडफडत असतात, त्यांना इथं बोलवू. सकाळी हुरडा, मग बोटीतून तळ्यात एक फेरी, कडेला पक्षी बघायचे, दुपारी पिठलं, भाकरी, शेंगाचटणी. गुरुशांतनं बोट घेतली. श्रावणीनं स्वतःसाठी एक लाल कयाक, एकटीनं वल्हवायची छोटी होडी, मिळवली, फोनवर रील टाकायला सुरुवात केली, आणि बघता बघता रविवारी रानात गाड्या लावायला जागा पुरेना.

त्या रविवारी एका कचेरीतली मंडळी आली होती. दाक्षायणीसमोर नेहमीसारखे हात येत होते. अंगठीवाले, मेंदीवाले, घड्याळाचा पट्टा आवळलेले. सगळ्यांची एकच तऱ्हा. गरम दाणे पडले की हात झटकायचा, या तळव्यातून त्या तळव्यात उडवायचे, "हाय हाय" करायचं आणि हसायचं.

मग एक हात आला. दाक्षायणीनं दाणे घातले, आणि तो हलला नाही.

निखाऱ्यातून नुकतेच निघालेले दाणे होते. तिच्या घट्टे पडलेल्या तळव्यालाही ते सोसवत नव्हते. पण समोरचा तळवा नुसता पसरलेला राहिला. ओला होता, दाणे पडले तशी त्यातून वाफ निघाली.

"अवो, भाजंल की!" ती म्हणाली.

बोटं सावकाश मिटली आणि हात धुरात मागे गेला. तोवर दुसरे दोन पुढं आलेच होते, तिनं पुढचं कणीस ओढलं.

२

पाहुणे गेल्यावर सतरंज्या झाडताना तिला ते दिसलं. तळ्याच्या बाजूच्या सतरंजीचं टोक भिजलं होतं आणि त्यावर हुरड्याचा एक छोटा ढीग होता. एक दाणाही खाल्लेला नाही. तिनं उचलून बघितला तर बर्फासारखा गार, आणि पिळला असता तर पाणी निघालं असतं.

कुणा पोराचे उद्योग, असं तिनं ठरवलं. पण आजच्या मंडळींत पोरंच नव्हती. मग बोटीतून उतरताना कुणीतरी भिजलं असेल.

"बोटीत कोण भिजलं का हो आज?" तिनं गुरुशांतला विचारलं.

"कोण न्हाय. का?"

"सतरंजी वली झालीया."

"मग वाळत घाल की. एवढं काय त्यात?"

बरोबरच होतं. दाक्षायणी काही लिंबू-मिरची बांधणारी बाई नव्हती. बोटीला काळी बाहुली बांधायची म्हणून गुरुशांतनं हट्ट धरला, तेव्हा तिनं त्याची चारचौघांत खिल्ली उडवली होती. तिला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, पाण्याची. तिला पोहता येत नव्हतं. घोट्याच्या वर पाणी आलं की तिचा श्वास अडकायचा. आणि तिची एकुलती एक पोरगी दिवसभर त्या पाण्यावर नाचायची. लग्नानंतर किती वर्षं वाट बघून, किती दवाखाने आणि किती देव करून श्रावणी झाली होती. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कयाकला हात लावायचा नाही, ही दाक्षायणीची एकमेव अट. कयाक काठाला लागेपर्यंत ती कुठलंही काम करत असली तरी अर्धी तळ्यावरच असायची.

सतरंजी तिनं वाळत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात होती, तरी ते टोक काही वाळलं नाही. तिनं ते कात्रीनं कापून टाकलं आणि गुरुशांतला सांगितलं, उंदरानं कुरतडलं.

३

पुढच्या रविवारी प्रभाताई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, गळ्यात दुर्बीण, मागे पक्षी बघणाऱ्यांचा घोळका. त्यांना हुरड्यापेक्षा रोहित पक्ष्यांचं कौतुक जास्त.

"दाक्षायणी, आज तुझ्या तळ्याला एवढी शांतता का गं?" त्यांनी आल्या आल्याच विचारलं. "सगळे पक्षी पलीकडच्या काठाला. या बाजूला एक बगळासुद्धा नाही."

"गर्दीला भ्याले असतील, बाई."

"आम्ही कुठं गर्दी करतो? आम्ही तर कुजबुजतो." असं म्हणताना त्यांचा आवाज बांधापर्यंत गेला असेल.

आगटी पेटली, धूर उठला, हात येऊ लागले. दाक्षायणीनं आज मनाशी ठरवलं होतं, तसा हात आला की तोंड बघायचं. सासूबाई वरून रागावल्या तर रागावू देत.

तो आला तेव्हा आधी वास आला. तळ्याच्या तळाच्या गाळाचा. मग धुरातून तळवा पुढं सरकला. दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली. मनगटाला ओली बाही चिकटली होती.

त्याच वेळी पलीकडे कसला तरी फडफडाट झाला. "उडाले! उडाले!" प्रभाताई ओरडल्या. दाक्षायणीनं मान वर केली.

सतरंज्यांवर कुणीच नव्हतं. सगळी मंडळी उठून बांधावर उभी होती, तिच्याकडे पाठ करून. प्रत्येकाचे दोन्ही हात दुर्बिणीला नाहीतर फोनला. गुरुशांत बोटीत होता, श्रावणी तळ्याच्या मध्यावर कयाकमध्ये. आगटीभोवती ती एकटी बसली होती.

तिनं मान खाली घातली. तळवा तिथंच होता, पसरलेला, वाट बघत.

मनगटाच्या मागे काय आहे ते धुरामुळे दिसत नव्हतं. एक फुंकर मारली असती तर दिसलं असतं. पण फुंकर मारण्यापुरता श्वासही तिच्याकडे नव्हता.

"यारु?" ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी कानडीच यायची. "कोण हाय?"

आणि मग तिनं जे केलं त्याचं तिला पुढं रात्रंदिवस वाईट वाटत राहिलं. तिच्या मुठीत चोळलेला हुरडा होता. हात पुढं आला की घालायचं, हे तिच्या हातांना इतकं सवयीचं झालं होतं की त्यांनी डोक्याला विचारलंच नाही. तिनं दाणे त्या तळव्यात घातले.

बोटं मिटली. या वेळी मिटताना ती तिच्या बोटांना पुसटशी लागली. शेजारची बाई आपली वाटी घेताना लागते, तशीच.

४

त्याच आठवड्यात एके सकाळी तिनं कुदळ घेतली आणि वर, लिंबाच्या झाडाखाली नवी आगटी खणली. तळ्यापासून जेवढी लांब जमेल तेवढी. खालची जुनी मातीनं भरून टाकली.

"आता हे काय काढलंस?" गुरुशांत वैतागला. "पावण्यांना पाण्याकाठीच बसायचं असतंय. फोटो काढायचे असतात त्यांना."

"वर सावली हाय."

"थंडीत सावली?"

"तुमी तुमची बोट सांभाळा," ती म्हणाली. विषय संपला.

रविवारी नव्या आगटीवर सगळे हात कोरडे आले. झटकणारे, हसणारे, "हाय हाय" करणारे. दाक्षायणीनं एकेक तळवा डोळे फाडून बघितला. दुपारपर्यंत तिला स्वतःचंच हसू यायला लागलं. धूर, पित्त, दुसरं काय! चंद्रव्वालाही म्हातारपणी धुरात काय काय दिसायचंच की.

तेवढ्यात श्रावणी खालून वर आली. लाइफ जॅकेट खांद्यावर टाकलेलं, केस ओले, आणि ती काहीतरी चघळत होती.

"अव्वा, माझा हुरडा गार का गं ठेवलास?"

"कुटला हुरडा?"

"आत्ता दिलास ना तो. कयाक ओढून घेतली आणि पाय धूत होते, तर मागून हात पुढं केलास. मी बघितलं पण नाही, खाऊनच टाकला. तुझा हात ओला होता, म्हटलं भांडी घासत असशील." ती हसली. "पण गोड होता. लई गोड. असला कधी खाल्लाच नाही."

दाक्षायणी सकाळपासून लिंबाखालून उठली नव्हती.

तिनं पोरीला धरलं, आडोशाला नेलं, घशात बोट घाल म्हणाली. श्रावणीला वाटलं आईला वेड लागलं. काही पडलं नाही, नुसतं पाणी पडलं. स्वच्छ, गार पाणी, आणि ते बरंच पडलं.

त्या संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर दाक्षायणीला सगळं उमगलं. त्यांच्याकडे शेजारणीनं वाटीतून चटणी पाठवली तर वाटी रिकामी परत करत नाहीत. गुळाचा खडा तरी घालून देतात. तीही तेच करत आली होती जन्मभर. दोनदा तिनं दिलं होतं, आपल्या हातानं, न विचारता, न बघता. आता तिकडून परत आलं होतं.

५

सुरुवात फोनपासून झाली.

"माझा अंगठाच घेईना हा," श्रावणी कुरकुरली. ती पुन्हा पुन्हा अंगठा पुसायची आणि फोनवर टेकवायची. फोन उघडायचा नाही. दाक्षायणीनं तिचा हात उजेडात धरला. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. टॉवेलनं पुसली तरी थोड्या वेळात पुन्हा ओली.

सोलापूरला नेऊन कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पाण्यात फार वेळ राहू नका, आणि एक मलम दिलं. चांगला माणूस होता. त्याचं काही चुकलं नाही.

मग एके दिवशी जेवताना दाक्षायणीनं तव्यावरची भाकरी पोरीच्या तळव्यावर ठेवली. मुद्दाम. फुगलेली, वाफ निघत असलेली भाकरी. श्रावणी फोनकडे बघत राहिली. भाकरी तळव्यावर तशीच होती. गुरुशांतचा घास हातातच राहिला. त्यानं बायकोकडे बघितलं. डॉक्टरांकडून आल्यावर तिनं त्याला त्या हाताचं सगळं सांगितलं होतं, पण त्याला आजवर पटलं नव्हतं. तो उठला आणि कयाकला साखळी घालून आला, कुलपाची किल्ली करदोट्याला बांधली.

शनिवारी दुपारी श्रावणी घरात नव्हती.

दाक्षायणी बांधावर पळत गेली. पोरगी गुडघाभर पाण्यात उभी होती, अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. पुढं वाकून कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. वारा नव्हता. तळ्यावर एकही पक्षी नव्हता.

"श्रावणी! बाहेर ये!"

ती लगेच वळली. शहाण्या मुलीसारखी बाहेर आली. चेहऱ्यावर कुठं भीती नाही की काही नाही. आईनं तिला कवटाळलं तेव्हा तिच्या अंगाला गाळाचा वास येत होता.

"काय करत हुतीस तितं?"

"काही नाही गं. उद्या जेवायला बोलावलंय मला."

"कुणी?"

"असं काय करतेस अव्वा? तुझ्या ओळखीचेच आहेत की." श्रावणीनं आईच्या खांद्यावरून तळ्याकडे बघितलं. "दुपारी या म्हणाले. पंगत बसणार आहे."

६

रविवारी उजाडताच गुरुशांतनं पोरीला मोटारसायकलवर घातलं आणि सोलापूरला आपल्या बहिणीकडे, जगदेवीकडे नेलं. पाहुण्यांना कळवून टाकलं, हुरडा संपला. श्रावणी गाडीवर बसताना भांडली नाही. एवढंच विचारलं, "अप्पा, दुपारपर्यंत परत येऊ ना?"

दाक्षायणी मागे राहिली. तिला गुरुशांतनं खूप समजावलं, पण ती हलली नाही. बोलावणं आलं असेल तर कुणीतरी समोर जाऊन नाही म्हणायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नुसतं दार लावून घेतलं की माणसं पुन्हा निरोप पाठवतात.

ऊन चढल्यावर तिनं जुनी आगटी उकरली, गोवऱ्या रचल्या, कणसं खुपसली. पाण्याच्या काठाला ती पहिल्यांदाच एकटी बसली होती. तिनं एक कणीस ओढलं आणि चोळलं. कोंडा उडवला. धूर खाली बसला.

तळवा आला.

"पोरगी येणार न्हाय," दाक्षायणी म्हणाली. "ल्हान हाय ती. तिला कळत न्हाय." मूठ तिनं घट्ट मिटून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पुढं आलेल्या हाताला काही दिलं नाही.

हात मागे गेला नाही. तिथंच राहिला. गोवऱ्या तडतडत होत्या. तिला रडू येत होतं, रागही येत होता. "जावा की आता!" ती ओरडली.

फोन वाजला. गुरुशांत होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

"दाक्षू, पोरगी... नाकातोंडातनं पाणी येतंय. खाटेवर झोपली हुती गं नुसती. श्वास घेईना. जगदेवी पाठ चोळतीया, पाणी थांबंना. कुटनं येतंय एवढं पाणी? रिक्षा आणतो, दवाखान्यात..." मागे कुणीतरी खोकत होतं. खोल, भरलेलं खोकणं. ते दाक्षायणीनं एका क्षणात ओळखलं, तिचंच लेकरू होतं ते.

तिनं फोन खाली ठेवला.

तिला एकदम शांत वाटलं. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं म्हणून असेल. तिनं मुठीतला हुरडा आगटीत टाकून दिला, पदराला हात पुसला आणि आपला तळवा पुढं केला. त्या तळव्याच्या शेजारी, तसाच पसरून.

"तिच्या जागी मी येते," ती म्हणाली. "मला घाला."

बराच वेळ काही झालं नाही. मग धूर एका अंगाला कलला आणि तिला काठ दिसला. वीतभर पाण्याखाली, काठाला धरून, ओळीनं तळवे होते. वर केलेले. लहान, मोठे, काही तर अगदी लहान. मधे एका माणसाची जागा सोडलेली होती. तिनं मान वळवली.

तिच्या हातात काहीतरी पडलं. गार, ओलं, जड. तिनं बघितलं नाही. डोळे मिटून तोंडात घातलं आणि गिळलं. श्रावणी खोटं बोलली नव्हती. लई गोड होतं.

७

पुन्हा फोन वाजला तेव्हा ती घरी होती. या खेपेला श्रावणीच बोलत होती, तीही रडवेली होऊन.

"अव्वा, जगदेवीआत्तीनं असला कढत चहा दिला, हात पोळला माझा! फोड येणार बघ. आणि हे सगळे माझ्याकडे असे का बघायलेत? अप्पा रडतायत काय, मला कवटाळतायत काय. काय झालं होतं मला?"

"फोड आला का? खरंच पोळला?"

"हसतेस काय? आग होतीये इथं!"

दाक्षायणी हसतच होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ती ओल्या बोटांनी पुसत होती. "गार पाणी घाल जा," ती म्हणाली. "न्हाय, पाणी नको. तूप लाव."

"आम्ही निघतोय आता. भूक लागलीये मला लई."

"भाकऱ्या करून झाकून ठिवल्यात. शेंगाचटणी फळीवर हाय. बापलेक जेवून घ्या."

"आणि तू?"

दाक्षायणीनं इरकलीच्या निऱ्या नीट केल्या. लग्नकार्यात नेसायची साडी होती, घडी मोडली नव्हती कितीतरी दिवस. कुणाकडे जेवायला जायचं तर घरातल्या लुगड्यावर कसं जायचं?

"मला बोलावणं हाय."

"कुणाकडं गं?" श्रावणीनं विचारलं. तिच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं, दुसरं काहीच नव्हतं.

"हितंच. जवळच हाय," ती म्हणाली. मग पोरीचा आवाज आणखी थोडा ऐकला, चहाला आणि आत्तीला घातलेल्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या, आणि फोन चुलीवरच्या उंच फळीवर ठेवला, पाणी लागू नये म्हणून.